पॅरेटो फ्रंट रेघ नसतो, पट्टा असतो: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांचा विषय जवळपास एकच आहे, म्हणून सगळे एकत्रच घेते. एकाच वेळी दोन-तीन गोष्टी (त्यांना ऑब्जेक्टिव्ह म्हणतात) चांगल्या करायच्यात, त्या एकमेकींच्या आड येतात (एक सुधारली की दुसरी बिघडते, हाच ट्रेड-ऑफ), आणि वर मोजमापावर पूर्ण भरवसा नाही, अशा वेळी निवड कशी करायची? नवीन वाचकांसाठी दोन ओळी: एखादं डिझाइन दुसऱ्याहून एकाही बाबतीत वाईट नाही आणि निदान एका बाबतीत सरस आहे, तर ते दुसऱ्याला डॉमिनेट करतं. ज्यांना कोणीच डॉमिनेट करत नाही त्या सगळ्यांचा मिळून पॅरेटो फ्रंट होतो. नाव विल्फ्रेडो पॅरेटो या इटालियन अर्थशास्त्रज्ञावरून (१८४८–१९२३). चला, प्रश्नांकडे.

प्रश्न: ताई, मी मटेरियल लॅबमध्ये आहे. अ‍ॅडहेसिव्हची २० फॉर्म्युलेशन करून बघितली, प्रत्येकाची ताकद आणि सेट व्हायला लागणारा वेळ एकेकदा मोजला. पॅरेटो फ्रंट काढला तर ४ पॉइंट आले, ट्रेड-ऑफ पण एकदम छान दिसत होता. त्यातलं सगळ्यात भारी वाटलेलं फॉर्म्युलेशन परत बनवलं तर ताकद एवढी खाली आली की ते फ्रंटवर राहिलंच नाही. माझं कुठे चुकलं?

बनवण्यात बहुतेक काहीच चुकलं नसेल. चुकलंय ते एकेका रीडिंगवर फ्रंट काढण्यात, आणि हे इतके जण करतात की मी याच्यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

समजा तुमची २० च्या २० फॉर्म्युलेशन प्रत्यक्षात अगदी सारखी आहेत, एकच रेसिपी वीस वेळा केलीय, फरक आहे तो फक्त मोजण्यातल्या नॉइजचा (तीच गोष्ट परत मोजली तरी आकडा थोडा इकडेतिकडे होतो, तो), आणि ताकदीचा नॉइज नि वेळेचा नॉइज एकमेकांशी संबंधित नाहीत. आता या वीस ठिपक्यांचा पॅरेटो फ्रंट काढला तर त्यावर सरासरी किती पॉइंट येतील? याचं उत्तर नेमकं काढता येतं: १ + १/२ + १/३ + … + १/२०, म्हणजे साधारण ३.६. तुम्हाला ४ मिळाले! म्हणजे तुमच्या फॉर्म्युलेशनमध्ये काडीचाही फरक नसता तरी एवढे पॉइंट आलेच असते. मी असं म्हणत नाहीये की फरक नाहीच, पण ‘४ पॉइंट आले’ एवढ्यावरून फरक आहे हे सिद्ध होत नाही.

आणि तो ‘छान ट्रेड-ऑफ’? तो तर दिसणारच. फ्रंटवरचे पॉइंट एका बाबतीत चढत्या क्रमाने लावले की दुसऱ्या बाबतीत ते आपोआप उतरत्या क्रमाने लागतात, कारण तसे नसते तर कोणी ना कोणी डॉमिनेट होऊन बाहेर पडलं असतं. निव्वळ नॉइजमधूनसुद्धा फ्रंट काढला तरी तो अशीच खाली उतरणारी पायऱ्यांची रेघ देतो. म्हणून नुसत्या आकारावर भाळू नका, प्रेझेंटेशनमध्ये तो आकार बघून सगळे माना डोलावतात आणि तिथेच घोळ होतो.

आता रिपीट केल्यावर पडलं का? वीस सारख्या गोष्टींतून सगळ्यात वरचं रीडिंग निवडलं तर ते खऱ्या सरासरीच्या सुमारे १.८७ स्टँडर्ड डेव्हिएशन वर असतं (स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे रीडिंग सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप; नॉइज नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचा धरून). म्हणजे निवड करतानाच आपण नशिबाने वर गेलेलं रीडिंग उचलतो, आणि परत मोजलं की नशीब काही दुसऱ्यांदा तेवढीच साथ देत नाही. स्मिथ आणि विंकलर यांनी २००६ मध्ये याला ‘ऑप्टिमायझर्स कर्स’ असं नाव दिलं, पण दुखणं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. एकाच ऑब्जेक्टिव्हला हे होतं, दोन असले की फ्रंटच्या प्रत्येक कोपऱ्यावर होतं, आणि सगळा फ्रंटच खऱ्यापेक्षा बाहेर सरकलेला दिसतो.

मग करायचं काय? आधी नॉइज किती आहे ते मोजा. दोन-तीन फॉर्म्युलेशन निवडा आणि प्रत्येकाच्या चार-पाच वेगळ्या बॅच करा. वेगळ्या बॅच हं, एकाच बॅचचे पाच तुकडे नाही, कारण तुकड्यांतून फक्त मोजण्याच्या मशीनचा फरक कळतो, बनवण्यातला फरक लपूनच राहतो. मग ‘अ ने ब ला डॉमिनेट केलं’ असं हो-नाही म्हणायच्या ऐवजी ‘अ ब ला डॉमिनेट करतं याची शक्यता किती’ असं विचारा.

उदाहरण करून बघू. अ ची ताकद २२ मेगापास्कल, ब ची २०, एका रीडिंगचं स्टँडर्ड डेव्हिएशन २. वेळ अ ला ३० मिनिटं, ब ला ३४, स्टँडर्ड डेव्हिएशन ३. कागदावर अ सरळ जिंकतं. पण ताकदीतला फरक २ आणि त्या फरकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन २.८३ (दोन्हीकडचा नॉइज वर्ग करून मिळवायचा नि वर्गमूळ घ्यायचं), म्हणून अ खरंच जास्त ताकदीचं असण्याची शक्यता सुमारे ७६ टक्के. वेळेचा फरक ४, त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन ४.२४, शक्यता सुमारे ८३ टक्के. दोन्ही बाबतीत अ सरस असण्याची शक्यता दोघांचा गुणाकार, म्हणजे जेमतेम ६३ टक्के! ब हेच अ ला डॉमिनेट करत असेल याची शक्यता साधारण ४ टक्के, आणि उरलेले ३३ टक्के म्हणजे दोघांत खरा ट्रेड-ऑफ आहे, दोघंही फ्रंटवर असू शकतात. आता दोन्ही चार-चार वेळा मोजली आणि सरासऱ्या तशाच राहिल्या तर सरासरीचा नॉइज निम्मा होतो आणि तेच ६३ टक्के एकदम ८९ च्या आसपास जातात.

म्हणून सगळी वीस परत करायची गरज नाही. जी फ्रंटवर आहेत ती आणि जी फ्रंटच्या जरा खाली राहिली ती, एवढीच रिपीट करा. खालची विसरू नका, कारण वर गेलेली जशी नशिबाने गेली तशी काही नशिबाने खालीही राहिलेली असतात आणि त्यांची कोणी विचारपूस करत नाही. जी फ्रंटपासून कोसभर लांब आहेत त्यांना सुखाने राहू द्या. हाच विचार गणितात नीट बसवून कोणत्या डिझाइनला किती रिपीट द्यायचे ते ठरवणाऱ्या पद्धती आहेत, त्यांना ‘कॉम्प्युटिंग बजेट अलोकेशन’ म्हणतात. नाव कॉम्प्युटरचं आहे पण लॅबलाही चालतात.

एक सावधगिरी: वर मी गुणाकार केला तो दोन नॉइज स्वतंत्र धरून. त्या दिवशी खोली गरम होती म्हणून ताकद पण बदलली आणि वेळ पण, असं होत असेल तर नुसता गुणाकार चालत नाही, दोघांचं कोरिलेशन पण मोजावं लागतं.

प्रश्न: मॅडम, पीएचडीचं पहिलं वर्ष. माझं एक सिम्युलेशन ६ तास चालतं. ६ व्हेरिएबल, २ ऑब्जेक्टिव्ह. गाइड म्हणाले एनएसजीए-२ लाव. पॉप्युलेशन १००, जनरेशन २०० असं सगळीकडे दिसतं. करू का?

हिशेब करा की आधी. एनएसजीए-२ ही उत्क्रांतीसारखी चालणारी (इव्होल्यूशनरी) पद्धत, डिझाइनचा एक गट (पॉप्युलेशन) घेऊन तो पिढी दर पिढी (जनरेशन) सुधारत नेते, आणि प्रत्येक पिढीत गटातलं प्रत्येक डिझाइन मोजावं लागतं. १०० गुणिले २०० म्हणजे २०,००० सिम्युलेशन, प्रत्येकी ६ तास म्हणजे १,२०,००० तास. एका मशीनवर साधारण पावणेचौदा वर्षं. पीएचडी लांबते हे मान्य, पण इतकी नको.

एनएसजीए-२ वाईट नाही. कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरमध्ये केलेलं काम, २००२ चा पेपर, आणि जिथे एक इव्हॅल्युएशन सेकंदाच्या आत होतं तिथे मी अजूनही आधी तेच लावते. पण ते एकेक पॉइंट मोजून पुढे जातं, मधल्या जागेत काय असेल याचा अंदाज बांधत नाही. तुमच्याकडे इव्हॅल्युएशन मोजकीच आहेत, तेव्हा अंदाज बांधणारं, आणि तो अंदाज कुठे कच्चा आहे हेही सांगणारं मॉडेल हवं. इथे गॉसियन प्रोसेस कामाला येतं.

याची मुळं खाणीत आहेत. डॅनी क्रिग हे दक्षिण आफ्रिकेतले मायनिंग इंजिनियर, मोजक्या बोअरहोलवरून मधल्या जागेत सोनं किती असेल याचा अंदाज बांधायचं त्यांचं काम १९५१ चं. पुढे जॉर्ज मॅथेरॉन यांनी त्याला पक्कं गणित दिलं आणि क्रिगिंग हे नाव रूढ झालं. १९८९ मध्ये सॅक्स, वेल्च, मिचेल आणि विन यांनी हीच कल्पना कॉम्प्युटर सिम्युलेशनसाठी व्यवस्थित मांडली. कल्पना अशी की जिथे मोजलंय त्याच्या जवळ अंदाज पक्का, जसजसं लांब जाल तसतशी अनिश्चितता वाढत जाते, आणि मॉडेल प्रत्येक ठिकाणी दोन आकडे देतं, अंदाज आणि त्याची खात्री.

तुमच्यासाठी रस्ता असा. सुरुवातीला लॅटिन हायपरक्यूब डिझाइनने पॉइंट पसरा (मॅके, बेकमन, कोनोव्हर, १९७९), म्हणजे प्रत्येक व्हेरिएबलची रेंज समान भागांत वाटून प्रत्येक भागात एकेक पॉइंट येईल अशी मांडणी. किती? एक ढोबळ नियम आहे, व्हेरिएबलच्या दहापट, म्हणजे ६०. नियम ढोबळच आहे, चाळीसवर सुरू केलंत म्हणून कोणी पोलीस येणार नाहीत. ६० सिम्युलेशन म्हणजे ३६० तास, १५ दिवस. मग दोन्ही ऑब्जेक्टिव्हला एकेक गॉसियन प्रोसेस बसवा, आणि पुढचा पॉइंट कुठे घ्यायचा हे मॉडेललाच विचारा, तो चालवा, मॉडेल परत बसवा, पुन्हा विचारा. अजून ६० असे घेतले तरी महिन्याभरात काम बघण्यासारखं होतं. १२० पॉइंटवर गॉसियन प्रोसेस बसवणं म्हणजे कॉम्प्युटरला चुटकीसरशी होणारं काम, हजारो पॉइंट झाले की मग ते रडतं, कारण खर्च पॉइंटच्या घनाने वाढतो.

‘मॉडेलला विचारा’ म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. सगळ्यात प्रचलित माप आहे हायपरव्हॉल्यूम: फ्रंटने एका ठरवलेल्या वाईट पॉइंटपासून किती जागा व्यापली. दोन्ही मॅक्झिमाइझ करतोय, वाईट पॉइंट (०,०), फ्रंटवर (२,६) आणि (५,३) आहेत असं धरा. व्यापलेली जागा २×६ + ३×३ = २१. आता एक नवीन डिझाइन आहे, मॉडेल म्हणतं पहिला ऑब्जेक्टिव्ह ४ नक्की, दुसरा अर्धी शक्यता २ आणि अर्धी शक्यता ४. सरासरी घेतली तर (४,३), त्याला (५,३) डॉमिनेट करतं, म्हणजे सरासरीकडे बघून तुम्ही ते फेकून द्याल. पण खरा हिशेब बघा. (४,२) निघालं तर फायदा शून्य, तोटाही शून्य, कारण फ्रंट जिथल्या तिथे राहतो. (४,४) निघालं तर जागा २३ होते, फायदा २. सरासरी फायदा १. म्हणजे अंदाजात डॉमिनेट झालेलं डिझाइनसुद्धा अनिश्चिततेमुळे मोजण्यालायक ठरतं. यालाच ‘एक्स्पेक्टेड हायपरव्हॉल्यूम इम्प्रूव्हमेंट’ म्हणतात, आणि अनिश्चिततेचा आकडा नुसता शोभेला नसतो, पुढचा प्रयोग कुठे करायचा ते तोच ठरवतो.

सोप्यात सुरुवात करायची तर नोल्स यांचं २००६ चं पॅरेगो बघा, दर फेरीला वेगळी वजनं घेऊन सगळ्या ऑब्जेक्टिव्हचा एकच आकडा करतं आणि त्याच्यावर नेहमीचं ‘एक्स्पेक्टेड इम्प्रूव्हमेंट’ चालवतं. कोड छोटा, समजायला सोपं, आणि गाइडना पण समजावता येतं, जे महत्त्वाचं आहे. सिम्युलेशनमध्ये रँडमनेस असेल, म्हणजे तेच इनपुट देऊन वेगळं उत्तर येत असेल, तर मात्र नॉइज धरून चालणारं व्हर्जन घ्या. वर मी (२,६) आणि (५,३) पक्के धरले, नॉइज असला की तेही पक्के नसतात, पहिल्या प्रश्नातल्या अ‍ॅडहेसिव्हसारखी गत होते, म्हणून ‘आत्तापर्यंतचा फ्रंट’ हाच मुळात अंदाज म्हणून घ्यावा लागतो. डॉल्टन, बालांदात आणि बक्षी यांचं २०२१ चं काम नेमकं यावर आहे.

प्रश्न: इतकं सगळं कशाला? दोन्ही ऑब्जेक्टिव्हला वजन द्या, बेरीज करा, जास्त मार्क त्याचा नंबर पहिला. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं.

चालतं, आणि किती चांगली डिझाइन त्यात कधी समोरच आली नाहीत ते कोणाला कळतही नाही, म्हणूनच चालतं.

तीन डिझाइन घ्या: (१०,१), (१,१०) आणि (५,५). तिन्ही पॅरेटो फ्रंटवर आहेत. वजनं काहीही द्या, बेरीज एक झाली की पुरे. मधल्याला नेहमी ५ मार्क पडतात. टोकाच्या दोघांपैकी एकाला तरी कमीत कमी ५.५ पडतातच. म्हणजे मधला कधीच, कुठल्याच वजनाला निवडला जाणार नाही, जरी बहुतेक लोकांना प्रत्यक्षात तोच हवा असला तरी. फ्रंट आत वाकलेला असला की वजनाच्या बेरजेला तो भाग दिसतच नाही. यावर उपाय आहे: बेरजेऐवजी आदर्श पॉइंटपासून सगळ्यात मोठी कमतरता किती ते बघायचं, म्हणजे चेबिशेव्ह पद्धत. आदर्श (१०,१०) धरला, वजनं समान, तर टोकाच्या दोघांची कमतरता ९, मधल्याची ५, मधला जिंकला. किंवा एक ऑब्जेक्टिव्ह ‘कमीत कमी इतका हवाच’ असा बांधून टाका आणि दुसरा वाढवा, आणि ही मर्यादा बदलत बदलत जा.

वजनाची दुसरी भानगड युनिटची. वेळ मिनिटात घेतला की सेकंदात, त्यावर निकाल बदलतो. हायपरव्हॉल्यूमला हा त्रास नाही, एका अक्षाला ६० ने गुणलं तर सगळ्यांचीच जागा (आणि वाईट पॉइंटही) ६० पटीने वाढते, क्रम तोच राहतो. लॉग घेतला मात्र तर क्रम बदलू शकतो, हे लक्षात ठेवा.

प्रश्न: फ्रंटवर अनिश्चितता दाखवायची कशी? मी प्रत्येक पॉइंटला दोन्हीकडे एरर बार काढले, आणि बारची वरची टोकं जोडून एक रेघ, खालची जोडून एक रेघ, मधला भाग रंगवला. रिव्ह्यूअर म्हणतात हे चुकीचं आहे. का?

रिव्ह्यूअर बरोबर आहेत, कधी कधी असतात.

दोन अडचणी आहेत. एक, तुम्ही बार फक्त त्या पॉइंटना काढले जे आज फ्रंटवर आहेत. जे आज जरा खाली आहेत पण खऱ्यात फ्रंटवर असू शकतात त्यांचा या चित्रात पत्ताच नाही. दुसरी, वरची टोकं जोडणं म्हणजे सगळे पॉइंट एकाच वेळी नशीबवान निघाले असं धरणं, आणि तसं घडायची शक्यता अगदीच कमी असते, त्यामुळे तुमच्या पट्ट्याला ९५ टक्के वगैरे काही अर्थ उरत नाही.

बरोबर रस्ता असा की अनिश्चितता पॉइंटवर नाही, आख्ख्या फ्रंटवर मोजायची. मॉडेल बसवलं की त्याच्यातून आख्खी फंक्शन्स काढा, समजा ५००. प्रत्येक म्हणजे ‘जग असं असू शकतं’ अशी एक शक्यता, सगळ्या डिझाइनची मूल्यं एकत्र, शेजारच्या डिझाइनमधलं कोरिलेशन सांभाळून. प्रत्येकाचा आपापला पॅरेटो फ्रंट काढा. आता तुमच्याकडे ५०० फ्रंट आहेत. मग ऑब्जेक्टिव्हच्या पटावर कुठलीही जागा घ्या, म्हणजे ‘ताकद २२, वेळ ३० मिनिटं’, आणि विचारा: ५०० पैकी किती फ्रंट म्हणतात की इतकं किंवा याहून बरं गाठता येतं? ४६० म्हणत असतील तर ९२ टक्के. अशी टक्केवारी सगळीकडे काढली की त्याला अटेनमेंट फंक्शन म्हणतात. ५० टक्क्यांची रेघ मध्ये काढा, ५ आणि ९५ च्या बाजूला काढा, झाला तुमचा पट्टा. बिनोआ, गिन्सबुर्जे आणि रुस्ताँ यांनी २०१५ मध्ये गॉसियन प्रोसेससाठी हेच नीट मांडलंय, आणि ‘सरासरी फ्रंट’ कुठली टक्केवारी घेऊन काढायचा यासाठी व्होरोब्येव्ह एक्स्पेक्टेशन वापरलंय: ज्या टक्केवारीच्या रेघेने व्यापलेली जागा पाचशे फ्रंटच्या सरासरी जागेइतकी होते ती रेघ घ्यायची.

या चित्राचा खरा उपयोग सांगू? पट्टा सगळीकडे सारखा जाड नसतो. एका टोकाला बारीक असतो, मध्ये फुगलेला असतो. जिथे फुगलाय आणि जिथली डिझाइन तुम्हाला खरंच हवी असू शकतात, तिथे पुढचे प्रयोग करा. जिथे फुगलाय पण तिथलं काही कोणाला नकोच आहे, तिथे पैसे घालू नका.

पेपरमध्ये एक वाक्य नक्की टाका: पट्टा खऱ्या सरासरीचा आहे की पुढच्या एका रीडिंगचा. पुढच्या रीडिंगमध्ये मोजण्याचा नॉइज पण येतो, म्हणून त्याचं पसरणं जास्त. हे न लिहिल्यामुळे किती भांडणं होतात!

प्रश्न: आमचे ७ ऑब्जेक्टिव्ह आहेत. १०० डिझाइनपैकी जवळपास सगळीच फ्रंटवर आली. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

नाही हो. १०० डिझाइन आणि एकमेकांशी संबंध नसलेले रँडम ऑब्जेक्टिव्ह घेतले तर फ्रंटवर सरासरी किती येतात बघा: २ ऑब्जेक्टिव्हला ५, ३ ला १४, ४ ला २८, ५ ला ४४. सातला निम्म्याहून बरीच जास्त. कुठल्या ना कुठल्या एका बाबतीत प्रत्येक जण थोडा तरी बरा असतोच, आणि नॉइज असला की तो ‘थोडा’ पण खोटा असू शकतो. अशा वेळी फ्रंट म्हणजे काहीच निवडलं नाही असं झालं.

सातपैकी किती खरे ऑब्जेक्टिव्ह आहेत ते विचारा. ‘वजन २ किलोच्या आत हवं’ ही अट आहे, ऑब्जेक्टिव्ह नाही, २ च्या आत आल्यावर अजून कमी झालं तर कोणाला आनंद होणार आहे का? नसेल तर अट करून टाका. दोन ऑब्जेक्टिव्ह नेहमी बरोबरच वर-खाली होत असतील तर एक काढा. माझ्या अनुभवात तीनच्या वर खरे ऑब्जेक्टिव्ह क्वचितच उरतात. उरलेच, तर बसून ज्यांना निर्णय घ्यायचाय त्यांनाच मधेमधे विचारत जाणाऱ्या पद्धती घ्या, आख्खा फ्रंट काढायच्या फंदात पडू नका, शिवाय हायपरव्हॉल्यूमचा हिशेब पण ऑब्जेक्टिव्ह वाढले की फार महाग पडतो.

प्रश्न: मोजमाप आमचं एकदम पक्कं आहे, पण प्रॉडक्शनमध्ये तापमान ठरवल्यापेक्षा ३-४ अंश इकडेतिकडे होतं. तरी ही सगळी अनिश्चितता लागू का?

वेगळी लागू. एक अनिश्चितता आपल्या अज्ञानाची, अजून मोजलं की कमी होते. दुसरी जगाचीच, कितीही मोजा, तापमान हलणारच. पहिलीसाठी प्रयोग वाढवायचे, दुसरीसाठी डिझाइनच असं निवडायचं की हललं तरी फारसं बिघडू नये. दोन्ही एकाच आकड्यात मिसळल्या की मग काय करायचं तेच कळत नाही.

तुमच्या बाबतीत ठरवलेल्या तापमानाला काढलेला फ्रंट फसवा असू शकतो, कारण त्यावरची काही डिझाइन अरुंद शिखरावर बसलेली असतात, दोन अंश हललं की दरीत. उपाय: मॉडेल बसवलंच आहे तर प्रत्येक डिझाइनला तापमान ३-४ अंश हलवून मॉडेलवरच शेकडो वेळा बघा (हे फुकट आहे, नवीन प्रयोग लागत नाही), आणि ऑब्जेक्टिव्ह म्हणून सरासरी न घेता वाईटातल्या वाईट १० टक्क्यांची सरासरी घ्या. किंवा ‘स्पेसिफिकेशनमध्ये बसण्याची शक्यता’ हाच एक ऑब्जेक्टिव्ह करा. मला दुसरं जास्त आवडतं, प्रॉडक्शनच्या माणसाला व्हेरियन्स सांगून उपयोग नाही, शंभरात किती पास होतील ते सांगा. तागुची पद्धत वापरणारी मंडळी सरासरी आणि पसारा एका गुणोत्तरात बांधतात, ते सोयीचं आहे, पण दोन्ही वेगळे ठेवले तर ट्रेड-ऑफ डोळ्यासमोर राहतो.

प्रश्न: मॉडेल म्हणतं ±२. त्याच्यावर विश्वास कशावरून ठेवायचा?

ठेवू नका, तपासा. एकेक पॉइंट बाजूला काढून बाकीच्यांवरून त्याचा अंदाज घ्या, आणि चूक भागिले मॉडेलने सांगितलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन असा आकडा काढा. गॉसियन प्रोसेसला यासाठी मॉडेल परत परत बसवावं लागत नाही, सूत्र आहे. ४० पॉइंट असतील तर साधारण ३८ आकडे −२ ते +२ मध्ये यायला हवेत. ९ बाहेर गेले तर मॉडेलला फाजील आत्मविश्वास आहे. सगळे ±०.५ च्या आत असतील तर ते उगाच घाबरतंय, तेही नुकसानीचंच, कारण मग ते प्रयोग भलत्या ठिकाणी खर्च करायला लावतं.

फाजील आत्मविश्वासाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे मॉडेलमध्ये नॉइज शून्य धरलेला असतो. मग ते प्रत्येक ठिपक्यातून ओढून-ताणून रेघ नेतं आणि मोजलेल्या जागी ‘मला शंभर टक्के माहितीय’ म्हणतं. सॉफ्टवेअरमधलं ते सेटिंग आधी बघा. वेळेसारखी गोष्ट, जी शून्याच्या खाली जात नाही आणि मोठी असली की पसारा पण मोठा, तिचा लॉग घेऊन मॉडेल बसवा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

प्रश्न: कुठलं सॉफ्टवेअर? आणि थांबायचं कधी?

पायथनवाल्यांना बोटॉर्च, नॉइज आणि एकाच वेळी चार-पाच प्रयोग करायची सोय दोन्ही आहे. इव्होल्यूशनरी पद्धतींसाठी पायमू. आर वापरत असाल तर जीपारेटो, व्होरोब्येव्हचं चित्र त्यात तयार मिळतं. तिन्ही फुकट आहेत.

थांबायचं कधी हे ‘हायपरव्हॉल्यूम वाढायचं थांबलं’ यावर ठरवू नका. नॉइज असताना मोजलेल्या रीडिंगवर काढलेलं हायपरव्हॉल्यूम कधीच कमी होत नाही, निव्वळ नशिबाने हळूहळू वर सरकत राहतं, आणि तुम्हाला वाटतं प्रगती चाललीय. त्यापेक्षा आधी सांगितलेला अनिश्चिततेचा पट्टा बघा. ज्या भागातून निवड करायचीय तिथे पट्ट्याची जाडी तुम्हाला ज्याने खरंच फरक पडतो त्याहून कमी झाली, समजा १ मेगापास्कलने कोणाला काही वाटत नाही आणि पट्टा तेवढाच उरलाय, तर थांबा. थोडे प्रयोग हातात राखून ठेवा, आणि निवडलेली दोन-तीन डिझाइन नव्या बॅचमध्ये परत मोजा. रिपोर्टमध्ये आकडा त्या नव्या मोजणीचा द्या, निवड करताना मिळालेला नको.

ज्यांनी आपापला डेटा पाठवलाय त्यांनी कृपया रिपीट कुठले आणि वेगळ्या बॅच कुठल्या हे एका कॉलममध्ये लिहून परत पाठवा, तिघांच्या फाइलमध्ये ते नाहीये आणि त्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.